घडीचं सोलर पॅनल: आपल्या गॅलरीत नापास, वीटभट्टीवर पास

मंडळी, गेल्या वर्षभरात माझ्या इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न खड्ड्यांचा नाही, लोकलचा नाही, पालिकेचाही नाही. प्रश्न असा: "सर, ते घडीचं सोलर पॅनल येतं ना, ते घेऊ का? लाईट गेल्यावर चालेल का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. आनंदनगर, कानसई, कात्रप, बेलवली, उल्हासनगरचे पाच कॅम्प, यात कुठंही फ्लॅटमध्ये राहत असाल आणि पावसाळ्यात जाणाऱ्या लाईटवर उपाय म्हणून घेणार असाल, तर घेऊ नका. त्या पैशात थोडी भर घालून चांगला इन्व्हर्टर घ्या, नाहीतर दोन मोठ्या पॉवर बँका घ्या.

ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढं वाचा. कारण हे पॅनल मी एक वर्ष वापरलं, मोजलं, आणि ते नेमकं कुणाच्या कामाचं आहे ते डिसेंबरात कळलं. जाहिरातीत ती माणसं दिसत नाहीत. जाहिरातीत तंबू असतो, बाजूला कॉफीचा मग असतो आणि गोऱ्या रंगाची एक जोडी डोंगराकडं बघत असते.

आधी वस्तू काय ते सांगतो. चार पानांची घडी, ऑफिसच्या मोठ्या फाईलएवढी. उघडली की चार फुटांच्या आसपास लांब, दीड फुटाहून जरा कमी रुंद. वजन दोन किलोच्या आत. वर छापलेलं ६० वॅट. मागं एक छोटी डबी, तिला दोन युएसबीची तोंडं आणि एक गोल पिनचं. आत बॅटरी नाही, हे लक्षात ठेवा. ऊन असेल तर वीज आहे, ढग आला की गेली. मला सहा हजारांच्या आसपास पडलं. सोबत साडेतीनशे रुपयांचा एक युएसबी मीटर घेतला, तो व्होल्ट, अँपिअर, वॅट दाखवतो. मी पत्रकारितेचा डिप्लोमावाला, इंजिनीअर नाही. पण आकडा वाचता येतो आणि वहीत लिहिता येतो, एवढ्यावर हे काम होतं.

मे महिन्याच्या मध्यावर आपल्याकडं सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. तेव्हा पॅनल गच्चीवर आडवं टाकलं तरी चालतं, कोन बघायची गरज नाही. साडेबारा वाजता, निरभ्र आकाश, तिन्ही तोंडांना काही ना काही लावलेलं, तरी सगळं मिळून ४२-४३ वॅट. साठ कुठंच नाही.

ही फसवणूक आहे का? नाही, पण अर्धवट माहिती जरूर आहे. पॅनलवर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो. दर चौरस मीटरला १००० वॅटचा प्रकाश आणि पॅनलच्या पेशीचं तापमान २५ अंश, अशा अटीवर तो मोजतात. आता तुम्हीच सांगा, मे महिन्यात अंबरनाथच्या गच्चीवर २५ अंश कुठून आणायचे? काळं पॅनल उन्हात साठच्या वर सहज जातं. सिलिकॉनची गंमत अशी की त्याला प्रकाश आवडतो, उष्णता नाही. पंचविसाच्या वर गेलेल्या प्रत्येक अंशामागं वीज साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घटते. म्हणजे नुसत्या तापण्यात तेरा-चौदा टक्के गेले. मागच्या डबीत व्होल्टेज खाली आणताना आणखी थोडे. म्हणून त्रेचाळीस. डिसेंबरात गार वारा असताना, पॅनल दक्षिणेकडं तोंड करून चाळीसएक अंशात उभं केलं, तर त्याच पॅनलनं मला ४७ वॅट दिले. मे महिन्यापेक्षा जास्त! गच्चीवरच्या काकांना हे पटेना. "ऊन जास्त तर वीज जास्त," असं ते शेवटपर्यंत म्हणत होते.

दुसरी गोष्ट सावलीची. गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी होती. त्यावरच्या एका टॉवेलची सावली एका पानाच्या कोपऱ्यावर पडली आणि मीटर चाळीसवरून पंधरावर आला. पॅनलमधल्या पेशी माळेसारख्या एकामागं एक जोडलेल्या असतात. एक अडली की सगळी रांग अडते, आपल्या कल्याण-कर्जत लाईनसारखी. आता हे गॅलरीत लावून बघा. आपल्या सगळ्यांच्या गॅलऱ्यांना ग्रिल. ग्रिलच्या सळ्यांच्या सावल्या पट्ट्यापट्ट्यांनी पॅनलवर पडतात. माझ्या गॅलरीत दुपारी दोन ते चार ऊन येतं, तेवढ्या वेळात आठ-नऊ वॅटच्या वर मी कधी पाहिलं नाही. शेजारची इमारत उंच झाल्यापासून ते दोन तासही आता दीडवर आलेत.

तिसरी गोष्ट अगदी व्यवहाराची. फोन थेट पॅनलला लावू नका. एक तर फोन उन्हात तापतो आणि तापला की स्वतःच चार्जिंग कमी करतो. शिवाय ढग येऊन गेला की जोडणी तुटते, आणि काही फोन परत जोडले गेल्यावर रांगत रांगत चार्ज होतात, पिन काढून पुन्हा लावेपर्यंत. पॉवर बँक लावा, ती पॅनलच्या मागच्या सावलीत ठेवा आणि रात्री फोन पॉवर बँकेला लावा. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण ७४ वॅट-तास. एका तोंडातून १८ वॅटच्या वर मिळत नाही, म्हणजे चांगल्या उन्हात ती भरायला पाचएक तास. मे महिन्याच्या चांगल्या दिवसात, सगळी तोंडं वापरून, सात-आठ फोन भरतील एवढी वीज निघते. वाईट नाही.

पण गेल्या वर्षी मे संपायच्या आतच ढग आले. २०२५ साली मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला, आठवत असेल. आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली.

जून-जुलैच्या भरल्या आभाळात हे ६० वॅटचं पॅनल चार ते सहा वॅट देतं. काळोखी येऊन पाऊस कोसळत असेल तर एक-दोन वॅट, म्हणजे मीटर नुसता लुकलुकतो. त्यात ते बाहेर ठेवायचं कसं? कापड पाणी झेलतं, डबीची तोंडं झेलत नाहीत. मी पत्र्याच्या शेडखाली कडेला ठेवून बघितलं. आख्ख्या दिवसात एक फोन भरला, तोही संध्याकाळपर्यंत वाट बघून. पंख्याचा विषय काढूच नका. साधा छताचा पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॅट खातो, नवा बीएलडीसी असला तरी तीसच्या आसपास.

थोडक्यात, आपल्याकडं बहुतेक वेळा लाईट जाते तेव्हा ऊन नसतं, आणि ऊन असतं तेव्हा लाईट असते. वादळ-पावसात झाड तारेवर पडलं, सबस्टेशनला पाणी आलं, रात्री बाराला ट्रान्सफॉर्मर उडाला, यातल्या कुठल्याही वेळी हे पॅनल कपाटात घडी घालून बसलेलं असतं.

२७ जुलै २०१९ आठवा. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी, चारी बाजूंनी उल्हास नदीचं पाणी. बाहेरच्या जगाला आतली परिस्थिती कळली ती प्रवाशांनी डब्यातून पाठवलेल्या व्हिडिओंमुळं. एनडीआरएफ, नौदल, आसपासच्या गावांतली माणसं, सगळ्यांनी मिळून दुपारपर्यंत त्यांना बाहेर काढलं. तशा वेळी कामाला येते ती आधीच भरून ठेवलेली बॅटरी. सोलर पॅनल त्या आभाळाखाली शोभेची वस्तू होती.

आता कुणी म्हणेल, मग छतावरचं मोठं सोलर लावा. लावा की. 'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, बिल खरंच कमी होतं. पण दोन गोष्टी विक्रेते हळू आवाजात सांगतात. पहिली, बॅटरी नसलेलं ग्रिडला जोडलेलं सोलर लाईट गेली की स्वतःही बंद होतं. भर दुपारी, लख्ख उन्हात, गच्चीवर पॅनलांची रांग आणि खाली घरात अंधार. हा दोष नाही, तशीच रचना आहे. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेईल. दुसरी, त्यासाठी छत तुमचं लागतं. आपल्या तिन्ही शहरांत छत कुणाचं, बिल्डरचं की सोसायटीचं, यावरच निम्म्या इमारतींत भांडणं. चाळीतला भाडेकरू तर या हिशोबातच नाही.

इथं एक मनातलं सांगतो. नळाला पाणी नाही, टँकर मागवला. पाणी गढूळ आलं, जार लावला. लाईट जाते, इन्व्हर्टर घेतला. आता इन्व्हर्टर पुरत नाही, तर घडीचं पॅनल. प्रत्येक वेळी आपण खिशात हात घालतो आणि तक्रार करायचं सोडतो. वीज ही आपण दरमहा विकत घेतो. वीज पुरवठा किती वेळात पूर्ववत व्हायला हवा आणि नाही झाला तर ग्राहकाला भरपाई द्यायची, याचे राज्य वीज नियामक आयोगाचे २०२१ चे विनियम आहेत. १९१२ वर फोन करा, तक्रार क्रमांक घ्या, वेळ लिहून ठेवा. तक्रार क्रमांकाशिवाय भरपाई मागायला गेलात तर हातात काही नसतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर "लाईट आली का?" हे चाळीस जणांनी विचारण्यापेक्षा चार जणांनी क्रमांक घेतलेला बरा.

(आणि गंमत बघा. आपण अंबरनाथ-बदलापूरकर बॅरेजचं जे पाणी पितो, ते उल्हास नदीत उन्हाळाभर वाहतं ते भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरामुळं. १९२२ पासून ते पाणी डोंगरावरून खाली येताना वीज तयार करतं, वीज मुंबईकडं जाते आणि पाणी आपल्याकडं येतं. शंभर वर्षांहून जास्त काळ आपण वापरलेल्या पाण्याचे वारस आहोत.)

असो. तर पॅनल ऑगस्टपासून कपाटातच होतं. विकून टाकावं अशा विचारात होतो.

डिसेंबरात शाळाबाह्य मुलांच्या बातमीसाठी वांगणीच्या पलीकडं एका वीटभट्टीवर गेलो. आपल्या तालुक्यातली, कर्जत-मुरबाडकडची कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परत येतात, हे तुम्हाला माहीत आहे. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती विटा पाडून फेडायची. हजार विटांमागं दर. नवरा-बायको मिळून जोडी धरतात, पोरं गारा तुडवतात, विटा पलटतात.

त्या भट्टीवर अकरा झोपड्या होत्या. कच्च्या-पक्क्या विटांचीच बिनगाऱ्याची भिंत, वर गवत, त्यावर निळं प्लास्टिक. मालकाच्या शेडमध्ये मीटर आहे, पाण्याची मोटर त्यावर चालते. झोपड्यांना एक तार नाही. रात्री चूल विझली की अंधार. अकरा झोपड्यांत मिळून चौदा मोबाईल. ते चार्ज करायला दोन किलोमीटरवरच्या नाक्यावर जायचं, पानाच्या टपरीवर ठेवायचे, एका फोनचे दहा रुपये. सकाळी ठेवला तर रात्री आणायचा. एका बाईचा फोन तिथून बदलून आला होता, तो तिनं तसाच वापरायला घेतला होता.

मी विचारलं, "ताई, मग एवढा खर्च करून फोन कशाला लागतो?" प्रश्न मूर्खासारखा होता हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसलं. ती म्हणाली, "दादा, ओटीपी कुठं येईल मग?"

'लाडकी बहीण'ची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सक्तीची झाली, मुदत वाढत वाढत डिसेंबरपर्यंत आली. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो आणि काही मिनिटांत मरतो. रेशनची केवायसी तशीच. बँकेचा मेसेज तसाच. सेंटरवर रांगेत दोन तास उभं राहायचं आणि नंबर आला की फोन बंद, म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली आणि पंधराशेही लटकले. शहरात बसून आपण म्हणतो यांना फोनची चैन कशाला. सरकारनंच दारावरची कडी फोनमध्ये नेऊन ठेवली आहे.

पुढच्या रविवारी पॅनल बाईकला बांधून नेलं. सोबत एक २०,००० ची आणि दोन जुन्या १०,००० च्या पॉवर बँका, दोन युएसबीचे एलईडी दिवे. उघडून विटांच्या चवडीला टेकवून ठेवलं. बायका-पोरं गोळा झाली. एक म्हातारा हात लावून म्हणाला, "ही चटई लाईट देते?" मुकादम लांबून बघत होता.

इथं माझ्या वहीतल्या गच्चीवरच्या नोंदींना काही अर्थ उरला नाही, कारण भट्टीवरची माणसं ते माझ्यापेक्षा चांगलं वापरायला लागली. मी गच्चीवर सकाळी ठेवायचो आणि ऑफिसला जायचो, म्हणजे सूर्य सरकला की पॅनल तिरकं राहायचं. इथं ती बाई विटा पाडता पाडता दिवसातून चार-पाच वेळा त्याचं तोंड फिरवायची. मी कौतुक केलं तर म्हणाली, "आम्ही दिवसभर उन्हातच असतो, त्यालाबी उन्हात धरतो. त्यात काय?"

अडचण धुळीची होती. भट्टीवर राख, तूस, विटांची लाल माती, सगळं उडत असतं. मी गेलो तेव्हा धुळीनं भरलेलं पॅनल ३५ वॅट दाखवत होतं, ओल्या फडक्यानं पुसलं तर ४४. मग सकाळ-दुपार पुसायचं ठरलं. फेब्रुवारीत एका युएसबी तोंडात धूळ जाऊन ते बंद पडलं. घेणाऱ्यांनी बाकी काही नाही तरी ती डबी आणि तिचं झाकण नीट बघून घ्यावं, या वस्तूत आधी मरतं ते तेच. आणि पॅनलवरचा पारदर्शक थर ईटीएफई आहे का ते विचारा. स्वस्तातल्या पॅनलवर पीईटी असतो, तो उन्हानं पिवळा पडतो, सुटायला लागतो.

नोंदी ठेवायचं काम त्या बाईच्या मुलीकडं आलं. तेरा वर्षांची, आठवीत नाव आहे, शाळा वाडीकडं राहिली. रोज किती फोन भरले ते ती वहीत लिहायची. जानेवारी ते एप्रिल अखेर तिच्या वहीत रोज पाच ते सात फोन आहेत, ढगाळ दोन-चार दिवस सोडून. पॅनलच्या मालकीवरून एकदा भांडण झालं. एका घरानं पाच रुपये घ्यावेत असं सुचवलं, दुसऱ्यांनी "साहेबानं फुकट दिलंय" म्हणून आवाज चढवला. शेवटी ठरलं की पैसे नाहीत, पण ज्याचा फोन त्यानं त्या दिवशी पॅनल पुसायचं. हे त्यांचं त्यांनी ठरवलं, मी नव्हतो तिथं.

दहा रुपयांचा हिशोब करा. दिवसाला सहा फोन धरले तर साठ रुपये. चार महिन्यांचे सात हजारांहून जास्त. पॅनलची किंमत एका हंगामात निघाली, आणि नाक्यावरचे चार किलोमीटरचे हेलपाटे वाचले ते वेगळे.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं मी ठरवून केलेलं नव्हतं. रात्री दिवा आणि फोन दोन्ही मिळायला लागल्यावर ती मुलगी दर शनिवारी हिशोबाच्या पानाचा फोटो काढायला लागली. किती विटा पाडल्या हे मुकादमाच्या वहीत लिहिलेलं असतं, मजुराकडं त्याची नक्कल नसते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी फक्त विश्वास ठेवायचा. मार्चच्या शेवटी बोलणं झालं तेव्हा वहीतला आकडा आणि फोटोतला आकडा यांत फरक निघाला. खाडाखोड होती. मुलीनं फोन पुढं केला. पूर्ण फरक मिळाला नाही, पण बराचसा मिळाला. मुकादम मला नंतर म्हणाला, "साहेब, तुम्ही लाईट दिली ते ठीक, पण पोरांना फोनचा नाद लागतो, काम कमी होतं." मी म्हटलं, "हिशोबाचा नाद लागला तर वाईट नाही." तो हसला नाही.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं या देशात बंद आहे. ठाणे जिल्ह्यात तिच्याविरुद्ध श्रमजीवी संघटनेनं १९८० च्या दशकापासून काय काय सोसलं ते जुन्या वाचकांना माहीत आहे. उचल, वही आणि अंधार या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कायदा कागदावर राहतो. मी त्या भट्टीला वेठबिगारी म्हणत नाही, मालक त्यातल्या त्यात बरा आहे. पण माणूस बरा असण्यावर मजुराचा हिशोब का अवलंबून असावा?

आता सरकारकडं येतो. कातकरी हे आपल्या राज्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये 'पीएम-जनमन' सुरू झालं. त्यात घरं आहेत, रस्ते आहेत, आणि जिथं ग्रिडची तार नेणं शक्य नाही अशा घरांसाठी सोलरची तरतूदही आहे. चांगली गोष्ट आहे. पण योजना घर मोजते. घर वाडीवर आहे. कुटुंब दिवाळीपासून मेपर्यंत भट्टीवर आहे. म्हणजे ज्या सहा महिन्यांत ऊन लख्ख असतं त्या सहा महिन्यांत घराला कुलूप, आणि माणसं परत येतात ती थेट ढगांखाली. छपरावर कायमचं ठोकलेलं पॅनल या लोकांच्या वर्षाच्या नेमकं उलटं चालतं. घडी घालून डोक्यावर नेता येईल असं पॅनल आणि एक बॅटरी, एवढं जर कुटुंबामागं दिलं तर ते भट्टीवर जाईल, वाडीवर येईल, माणसांबरोबर फिरेल. शहरी माणसाला तंबूसाठी विकली जाणारी ही वस्तू खरी कुणासाठी बनली आहे ते मला तिथं दिसलं.

आणि खरं बोलायचं तर भट्टीवर पॅनलचीही गरज नसावी. शेडमध्ये मीटर आहेच. तिथून पन्नास-साठ मीटर तार, प्रत्येक झोपडीला एक दिवा, मध्ये एक चार्जिंगचा बोर्ड. हे मी मालकाला बोललो. तो म्हणाला, "पोरं तारेला हात लावतील, काही झालं तर मी आत जाईन. आणि बिल कोण भरणार?" पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, गवताच्या छपराखाली उघडी वायरिंग नकोच. दुसऱ्यात नाही. अकरा एलईडी दिवे आणि चौदा फोन यांचं महिन्याचं बिल त्याच्या मोटरच्या बिलापुढं दिसणारही नाही. कामगारांच्या राहण्याच्या जागेची सोय बघणं मालकाच्या आणि कामगार खात्याच्या कामात बसतं, माझ्या बाईकवरच्या पॅनलच्या नाही.

गेल्या आठवड्यात भट्टी उठली. पॅनल त्यांच्याकडंच राहू दिलं, ते आता वाडीवर आहे. जाताना त्या मुलीनं विचारलं, "पावसात किती देईल?" मी माझ्या जूनच्या नोंदी दाखवल्या, चार ते सहा वॅट. तिनं बोटांवर हिशोब केला. म्हणाली, "म्हणजे दिवसाला एकच. मग आयचा भरू."

तिच्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आहेत. भट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांना नेण्या-आणण्याजोगे सोलर संच द्यावेत, आणि दिवाळीनंतर भट्ट्यांवरच्या झोपड्यांची दिव्याबत्तीसाठी पाहणी व्हावी, असा दोन पानांचा अर्ज तयार आहे. सोमवारी सकाळी आठला शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात द्यायला निघतोय. मित्राची गाडी आहे, दोन जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचं त्यांनी रविवारी रात्रीपर्यंत कळवा. आणि घरात वापरात नसलेली पण चालू पॉवर बँक पडली असेल तर तीही द्या, दिवाळीनंतर लागतील.